परातीतले दोन ठसे

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. जागा — भंडारा, आमचं राहतं घर, मागची खोली. वेळ — दिवेलागणीची.

हजर — माझ्या सासूबाई, आमचे मिस्टर, आसगावहून आलेल्या मावशी म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहीण, आंबागडचे मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ, आणि मी.

कुठलीही गोष्ट अशी मांडून ठेवायची मला सवय आहे. आमचं कोसा साड्यांचं दुकान आहे. कोणत्या विणकराकडे किती सूत गेलं, कोणाची साडी मागावरून कधी उतरणार, लग्नाची ऑर्डर कधी द्यायची — सगळ्या याद्या माझ्याकडे असतात. घरात त्यावरून भरपूर थट्टा होते. माझे दीर दिनेशभाऊजी तर म्हणायचे, "वहिनी, यमदूत आला ना दारात, तर तुम्ही आधी त्याची सही घ्याल आणि मंगच आत सोडाल."

परात मांडली ती त्यांच्याच दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी.

आधीच सांगते, माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी नियमित वाचते आणि वाचून झालं की मनातल्या मनात दोन-तीन साधी कारणं लावून मोकळी होते. मांजर असेल, वारा असेल, थकलेलं डोकं असेल. या वेळी मात्र कारणं माझीच, खोडणारीही मीच... आणि शेवटी हातात काही उरलं नाही. म्हणून लिहिते आहे.

दिनेशभाऊजी दिवाळीनंतर मामांकडे आंबागडला मंडईला गेले होते. धानाची कापणी चालू झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. पाहुणे येतात, दंडार हे लोकनाट्य बघतात, दोन दिवस राहून परत जातात. भाऊजींनी लग्न केलेलं नव्हतं. मामांचं घर म्हणजे त्यांचा जीव. दुसऱ्या दिवशी जेवून ते निघाले. गावाबाहेर किल्ल्याची टेकडी मागे टाकली की एक मोठं मोहाचं झाड आहे, त्याच्या सावलीत त्यांनी गाडी लावली. का लावली ते आता कोणाला सांगता येणार नाही. शेतावरून परतणाऱ्या बायांना वाटलं, माणूस झोपला आहे. उन्हं उतरली तरी हलेना, तेव्हा कोणीतरी मामांना बोलावून आणलं.

गाडीची चारही दारं आतून लॉक होती. मागची काच फोडून आत हात घालावा लागला. भाऊजी सीटवर बसलेलेच होते. गाडी बंद, आणि चावी काढून उजव्या मुठीत घट्ट धरलेली. मूठ मामांनी सोडवली. सोडवताना चावीचं प्लास्टिकचं कवर तडकलं आणि लोखंडी पातं वेगळं होऊन हातात आलं. मामांनी ते तुकडे रुमालात बांधून माझ्याकडे दिले.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, एका क्षणात गेले असतील. सगळ्यांनी ते मान्य केलं. सासूबाईंनी नाही केलं.

"एका क्षणात गेला तं चावी काहून काढली त्यानं?" त्या मामांना विचारायच्या. "बाहेर निघत होता का रे तो? का दार लावून घेतलं?"

मामा म्हणायचे, "अक्का, मले नाही माहीत."

"त्याचा अंगठा कोणत्या बटनावर होता?"

"मी बटन पाहत बसलो होतो का अक्का... भाच्याले काढत होतो."

यावर सासूबाई जे म्हणाल्या ते मी विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "काच फोडून तुम्ही देह काढला. त्याले कोणी काढलं?"

झालं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच — दिनेश गाडीत अडकला आहे, दार बंद आहे आणि तो आत आहे.

गाडी मिस्टरांनी घरी आणली, कशी तर पातं पकडीत धरून आणि फुटकं कवर त्याला टेपने चिकटवून. काच नवी बसवली. पण रिमोट चालत नव्हता आणि पकडीने रोज कोण लॉक करत बसणार, म्हणून गाडी अंगणात उघडीच राहायची. सासूबाई रोज संध्याकाळी बाहेर येत, ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडत आणि ओट्यावर बसून राहत. दार उघडं म्हणजे आतला दिवा चालू. दिवा चालू म्हणजे बॅटरी खाली. मी बल्ब काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"मंगला, दिवा काहून काढला वं?"

"आई, बॅटरी उतरते."

"अन् अंधारात तो कसा निघंल?"

मी बल्ब परत लावला. बॅटरी चार्ज करायला पाठवणे हे काम तेव्हापासून माझ्या यादीत कायमचं आहे.

आता परातीबद्दल. ही रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी परातीत तांदळाचं पीठ पसरून ठेवतात, शेजारी दिवा लावतात, वरून टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलं ते जुनी माणसं बघतात. पक्ष्याचं पाऊल दिसलं तर पक्ष्याचा जन्म, वासराचं खूर दिसलं तर वासराचा. गेलेला माणूस पुढच्या वाटेला लागला, एवढंच घरच्यांना कळायला हवं असतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळीही ठेवलं होतं. तेव्हा चिमणीचा पाय उमटला असं सगळे म्हणाले. मी पाहिलं तर मला पालीचा वाटला. मी गप्प बसले.

या वेळी मात्र मी ठरवलं की करायचंच तर नीट करायचं. नंतर पाल की चिमणी असा वाद नको. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळलं. पितळेची जुनी परात घेतली. कापड मोजायच्या लोखंडी पट्टीने पीठ असं सपाट केलं की पट्टीच्या बारीक रेघा त्यावर दिसत होत्या. खोलीची खिडकी लावली, मोरीच्या तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला. टोपलीवर पाण्याने भरलेला पितळेचा गुंड, म्हणजे मोठा हंडा, ठेवला. उंदीर-मांजराला तो हलवता येणं शक्य नाही. दाराला कुलूप, किल्ली माझ्याकडे. सासूबाई दाराबाहेर चटई टाकून आडव्या झाल्या. मावशी त्यांच्याजवळ.

मावशी म्हणाल्या, "सुनबाई, तुह्या बंदोबस्तात देवही आत नाही शिरणार वं."

सकाळी सगळे असताना कुलूप मी उघडलं. गुंड जागेवर, पाणी काठोकाठ. टोपली मिस्टरांनी उचलली.

पिठावर दोन ठसे होते.

एक — नदीतल्या गुळगुळीत गोट्यासारखा, लांबट, कडा गोल. दुसरा — अगदी तसाच गोटा, पण त्यातून एक लांब सरळ चोच बाहेर आलेली, आणि त्या चोचीच्या मधोमध एक नागमोडी रेघ. दोन्ही ठशांची कड एका ठिकाणी एकमेकांवर चढलेली. बाकी सगळं पीठ जसंच्या तसं. माझ्या पट्टीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

मग मामा खाली वाकले.

"कासव हाये," ते म्हणाले. "हे पाहा... मुंडकं आत, अन् हे मुंडकं बाहेर."

मावशी म्हणाल्या, "कासव नोहोय रे दादा. बगळा हाये. हा बसलेला अन् हा उडाला. चोच नाही दिसत का तुले?"

"बगळ्याले पाय कुठी आहेत मंग?"

"उडताना पाय दिसते का कोणाचे?"

"अन् चोचीत हे वाकडंतिकडं काय आहे?"

"पाणी असंल. वैनगंगेचं."

"वैनगंगा चोचीत घेऊन उडाला का तो?"

एरवी मला हसू आलं असतं. मिस्टरांनी दोघांना हाताने थांबवलं. कारण सासूबाई परातीजवळ बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांना ठसे किती दिसत होते, देव जाणे. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत, आणि बोट पिठावर टेकवलं.

"दिन्या... निघाला का रे बापू?"

मग मला फोटोचं सुचलं. मोबाईलवर वरून एक फोटो काढला. त्यानंतर ते पीठ इतर सगळ्याबरोबर वैनगंगेत सोडलं. म्हणजे आज पुरावा म्हणावा असा तो एक फोटोच.

पाहुणे गेले. मामांचं कासव आणि मावशींचा बगळा यांपैकी सासूबाईंनी काहीच मानलं नाही. "माह्या पोराचं मले समजलं नाही," एवढंच म्हणायच्या. रोज संध्याकाळी गाडीचं दार उघडून ओट्यावर बसल्या की मला हाक — "मंगला, तो फोटू सांग." दाखव नाही, सांग. त्यांना मोबाईलवरचं दिसत नाही. मग मी त्यांच्या शेजारी बसून फोटो बघत बोलायची. इथे गोल आहे आई, इथे चोच आहे, चोचीत रेघ अशी जाते, मग अशी वळते... त्या डोळे मिटून ऐकायच्या. महिने गेले. तो फोटो मला इतका पाठ झाला की कागदावर काढून दाखवला असता.

जेवण कमी झालं होतं त्यांचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलं तर नको म्हणाल्या. आसगावला मावशींकडे चार दिवस राहून या म्हटलं, तेही नको. "तो निघाला असं कोणी मले सांगितलं तं मी बी उठीन इथून," असं एकदा म्हणाल्या. त्या दिवशी मिस्टर जेवले नाहीत.

फेब्रुवारीत लग्नसराईच्या ऑर्डरी वाढल्या. विणकरांकडे फेऱ्या मारायला गाडी लागणार होती, आणि पकड घेऊन गाडी चालवणं मला काही जमणारं नव्हतं. मी यादीत लिहिलं — चावी दुरुस्त करणे. निघताना सासूबाईंनी विचारलं कुठे, मी सांगितलं.

"त्याच्या मुठीतली आहे ते. फेकू नको."

"नाही फेकत, आई."

बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाव्या बनवून देणाऱ्याचं छोटं दुकान आहे. मिस्टरांनी पकडीने गाडी तिथे आणून उभी केली, तुकडे माझ्याकडे दिले आणि ते आमच्या दुकानात गेले. मी रुमाल उघडून तुकडे काउंटरवर ठेवले. त्याने उलटून पालटून पाहिले.

"मॅडम, याच्यावर गाडी फिरवली का कोणी?"

"नाही. हातात तुटली."

"हात म्हणायचा का हातोडा..." तो हसला. माझा चेहरा बघून थांबला. मग कामाचं बोलायला लागला. आतलं सर्किट चांगलं आहे, चिप चांगली आहे, फक्त कवर गेलं आणि पातं वाकलं. "पण असं कवर आता माझ्याकडे नाही. फोल्डिंगचं आहे. बटन दाबलं की पातं बाहेर येते, घडी केली की आत. आतलं सामान सगळं तुमचंच राहील, फक्त शरीर नवीन. चालते?"

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. फोल्डिंगची चावी मी मागितली नव्हती. आमच्या घरात तशी चावी कोणाकडे नव्हती. दुकानात जाईपर्यंत ती माझ्या डोक्यातही नव्हती. मी म्हटलं, चालेल.

त्याने जुनं पातं मशीनच्या एका बाजूला लावलं, दुसऱ्या बाजूला नवं कोरं. एक सुई जुन्या पात्याच्या खाचेतून फिरत होती आणि तशीच खाच नव्यात कोरली जात होती. लोखंडाचा बारीक भुगा पडत होता. मी दुकानाबाहेर उभी राहून फोनवर एका विणकराशी बोलत होते. सर्किट बसवून तो बाहेर आला, गाडीत चावी फिरवून बघितली. गाडी चालू होईना. त्याने कपाळावर हात मारला. "चिप जुन्या कवरातच राहिली ना!" पुन्हा आत गेला. ती इवलीशी चिप काढून नव्या कवरात घातली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मग त्याने चावी काउंटरवर ठेवली. मिटलेली. काळी, लांबट, कडा गोल.

माझ्या हातातून पर्स खाली पडली नाही की चक्करही आली नाही. मला एवढंच वाटलं की हे मी कुठेतरी पाहिलं आहे. त्याने बटण दाबलं. 'खट्' आवाज झाला आणि पातं बाहेर आलं. त्यावर मधोमध नागमोडी खाच.

मी मोबाईल काढला आणि तो फोटो उघडून चावीच्या शेजारी ठेवला.

त्यानेही वाकून पाहिलं. "हे काय, पिठात छापा घेतला का मॅडम? कशाले? मले सांगायचं, मी तसंच करून दिलं असतं." मग बोटांनी फोटो मोठा केला. "कटिंग तर तुमच्याच गाडीची आहे. म्हणजे याच्या आधी फोल्डिंगची बनवली होती तुम्ही? मंग ते कुठी हरवली?"

जुनं कवर, जुनं पातं मागून घेतलं, रुमालात बांधलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई झोपलेल्या असताना मी तीच परात काढली. तसंच तांदळाचं पीठ, तीच चाळणी, तीच पट्टी. नवी चावी मिटून दाबली, उघडून दाबली. फोटो शेजारी ठेवला. लांबी, गोलाई, चोच जिथून निघते ती जागा, सगळं जुळलं. नागमोडी रेघेचं वळण न् वळण जुळलं. मग जुन्या चावीचे तुकडे जुळवून दाबून पाहिले. रेघ तीच, पण वरचं अंग चौकोनी, एक कोपरा तुटलेला. तसं काही फोटोत नाही. म्हणजे कोणी गुपचूप जुन्या चावीचा ठसा उठवला, हे कारण बाद.

पाहुण्यांपैकी कोणाच्या गाडीची चावी? शहापूरच्या माझ्या भाच्याकडे फोल्डिंगची चावी आहे आणि दहाव्याला तो आला होता. आला सकाळी, नदीवर, पण तरीही मी शहापूरला गेले. चहा घेताना सहज म्हटलं, दाखव रे तुझी चावी, आम्हीही तशीच केली. त्याची खाच वेगळी. तीही पिठात दाबून पाहिली असती, पण त्याच्या बायकोने आधीच माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं होतं. हेही कारण बाद. कुलूप, खिडकी, मोरी, गुंड — हे तर मीच बघितलेलं. नोव्हेंबरात ज्या चावीचा ठसा पडला ती चावी तयार झाली फेब्रुवारीत. ती तशी होणार हे चावीवाल्याकडचा माल संपेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं.

मिस्टरांना सगळं दाखवलं. ते बराच वेळ चावी हातात घेऊन बसले. मिटली, उघडली, मिटली.

"आईले सांगून टाक," ते म्हणाले. "आजच सांग. तिले पाहिजे तेच तर आहे हे. बंद होती, मंग उघडली. दार उघडलं म्हणा. निघाला म्हणा. आई सुटंल ना, मंगला."

"आणि त्यांनी विचारलं, आधी कोणती, तर?"

"म्हणजे?"

"आधी बंद आणि मग उघडली, की आधी उघडी होती आणि मग बंद झाली?"

परात गोल असते. तिला डावं-उजवं नसतं, सुरुवात-शेवट नसतो. मी फोटो काढला तो जिथे उभी होते तिथून. बघाल तिकडून वाचता येतो. मामांनी आणि मावशींनी त्या दिवशी जे वाचलं ते दोघांनीही आपल्याला हवं त्या बाजूने वाचलं — मुंडकं बाहेर आलं, बगळा उडाला. उलटं वाचायचं कोणाच्या मनात आलं नाही. सासूबाईंच्या येईल. अंगठा कोणत्या बटणावर होता हे विचारणारी बाई आहे ती.

"खोटं सांग," मिस्टर हळूच म्हणाले.

"तुम्ही सांगा."

ते उठून बाहेर गेले.

खरं म्हणजे ते कळायला मार्ग होता. दोन ठसे एका ठिकाणी एकमेकांवर चढले होते, हे मी वर लिहिलंच आहे. मी परातीत तेही करून पाहिलं. आधी मिटलेली आणि नंतर उघडी चावी दाबली की उघडीची कड अखंड राहते आणि मिटलेलीची मोडते. उलट केलं की उलट. अगदी स्वच्छ दिसतं, शंकेला जागा राहत नाही. फोटोत फक्त ती जागा मोठी करून पाहायची.

मी फोटो मोठा केला. त्या जागी एक खोल गोल खळगा आहे. दोन्ही कडा त्यात गेल्या आहेत. खळग्यात कातडीच्या बारीक रेषासुद्धा दिसतात.

सासूबाईंचं बोट.

फोटोच्या आधी सगळी परात त्यांच्यासमोर होती. त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि त्यांनी हात लावला तो नेमका तिथेच. आम्ही बाकीचे चौघं, डोळे धड असलेले, कासव आणि बगळा करत उभे होतो. कोणाच्याही लक्षात ती कड राहिलेली नाही. मामांना फोन करून विचारलं, मावशींना विचारलं, का विचारते ते सांगितलं नाही. मामा म्हणाले, मुंडकं बाहेर आलं तेवढं आठवते. मावशी म्हणाल्या, उडालाच होता वं तो, कायले विचारतं?

आता काय करायचं ते कळत नाही. ठसा आला कसा, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ते मिळालं नाही तरी मी जगेन. पण आईंना काय सांगू? अर्धं सांगितलं तर त्या उरलेलं अर्धं विचारणार. आणि त्याचं उत्तर जिथे होतं तिथे तुमचंच बोट पडलं आई, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

गाडी आता व्यवस्थित चालते. विणकरांच्या फेऱ्या होतात. परत आल्यावर मी गाडी अंगणात लावते, इंजिन बंद करते, आणि चावी मिटून पर्समध्ये टाकते. लॉकचं बटण मी अजून एकदाही दाबलेलं नाही. संध्याकाळी सासूबाई दार उघडून बसतात. आतला दिवा लागतो. फोटो सांग म्हणतात, मी सांगते. इथे गोल आहे आई. इथे चोच आहे.

परवा त्या म्हणाल्या, "नवी चावी कशी केली वं? हातात तं दे. मले दिसत नाही, पण पाहून घेतो हातानं."

मी म्हटलं, "देते आई. पर्स आत आहे."

पर्स माझ्या मांडीवरच होती.

माझ्या यादीत काच आणि चावी या ओळी खोडून झाल्या आहेत. त्यांच्या खाली एक ओळ फेब्रुवारीपासून तशीच आहे. रोज नवं पान काढते आणि ती ओळ पुढच्या पानावर उतरवते — आईंच्या हातात चावी देणे.